बटईची शीबा

शीबा आमची नव्हती, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहीत असूनही मी ते मानलं नाही, आणि त्यातून जे झालं ते साठीच्या उंबरठ्यावर आल्यावरही माझी पाठ सोडत नाही. पोरांना, नातवंडांना मी शीबाच्या गमतीच सांगत आले. ती भाकरीचा पापुद्रा आधी खायची आणि मगच बाकीचा भाग, पोस्टमनची सायकल ओळखायची, फटाक्याला घाबरून मायच्या लुगड्यात तोंड खुपसायची, असलं सगळं. ही एक गोष्ट मात्र मी दरवेळी गाळली. आता लिहायला बसलेच आहे तर आधी हीच लिहून टाकते, नाहीतर चहाचं निमित्त काढून पुन्हा उठेन. मूळचीच मी चुळबुळी. माय म्हणायची, हिच्या बुडाखाली निखारा ठेवलाय कुणीतरी.

घरात आम्ही तिघंच होतो, अण्णा, माय आणि मी. अण्णा पाचोडच्या बाजूचे, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर. औरंगाबाद तेव्हा पूर्वेकडं पाय पसरत होतं, आणि त्या पसरलेल्या पायाच्या अगदी अंगठ्याशी आमचं दोन खोल्यांचं घर होतं. समोर मोकळे प्लॉट, त्यांवर वाळूचे आणि खडीचे ढीग, अर्धवट उभे राहिलेले बंगले. दिवसभर ट्रक रिकामे व्हायचे, गज कापल्याचा किर्र आवाज कानात शिरायचा, मिक्सर घरघरत राहायचा. पाणी तेवढं कुठंच नव्हतं. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसानं दडी मारली होती. नळाला पाचव्या दिवशी तासभर पाणी यायचं, कधी सहावा दिवस उजाडायचा. माणसाला प्यायला नव्हतं आणि बंगल्यांच्या स्लॅबवर मारायला टँकर यायचे. माय ते बघून रोज एकदा तरी बोटं मोडायची. आमच्याकडं अंघोळ परातीत बसून व्हायची आणि ते पाणी संडासाला जायचं. डाळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला. भांडी राखेनं घासून कोरड्या फडक्यानं पुसायची. अंगणात सिमेंटचा छोटा हौद होता, त्याच्या आतल्या भिंतीवर माय रोज संध्याकाळी कोळशानं रेघ ओढायची. कालची रेघ, आजची रेघ. तिला शाळा ठाऊक नव्हती, पण त्या रेघांवरून कोण किती तांब्ये जास्तीचे घेतं ते ती बरोबर सांगायची.

कादरसाब छावणीत राहायचे. उंचेपुरे, मेंदीनं दाढी लाल केलेली, पायात कायम जाडजूड बूट. अल्सेशियन कुत्री पाळायची आणि त्यांची पिल्लं विकायची हा त्यांचा धंदा, पण धंद्यापेक्षा तो नादच जास्त होता. अण्णांच्या कारखान्याच्या फाटकावरची दोन कुत्री त्यांनीच दिलेली. त्यांना बघायला ते यायचे, तिथं अण्णांशी ओळख झाली. एका शुक्रवारी ते आमच्या घरी आले ते सोबत शीबाला घेऊनच. काळी पाठ, तांबूस पाय, उभे कान, आणि सगळ्यांकडं आळीपाळीनं बघणारे डोळे. ओसरीवर बसून ते म्हणाले, "अण्णासाब, ग्यारा जानवर है मेरेकन. इतना पानी कहाँ से लाऊँ? माद्या घर-घर में रखवा रहा हूँ. खाना मेरा, डाक्टर मेरा. तुम बस रखो, अपनी समझ के रखो. टाइम आया के मैं ले जाता, पिल्ले हो गए के वापस लाके छोडता."

अण्णांचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजे बटईच झाली की!"

"हौ, वोईच समझो," कादरसाब हसले.

बटई म्हणजे काय, हे आता शहरातल्या पोरांना सांगावं लागतं. जनावर एकाचं, सांभाळणारा दुसरा. चारा-पाणी, राखण सांभाळणाऱ्याची, आणि वासरं-करडं दोघांच्या वाट्यानं. आमच्या आजोबांना जमीन नव्हती, त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या गाई-शेळ्या अशाच सांभाळल्या. त्यामुळं अण्णांच्या अंगात बटईचे सगळे कायदे मुरलेले. इथं त्यांनी पिल्लांत वाटा मागितला नाही. आजूबाजूला सगळी उजाड वस्ती, अण्णांच्या पाळ्या बदलत्या, घरात आम्ही दोघी बायका, तेव्हा राखण होईल हाच आपला वाटा, असं ते म्हणाले. पण कायदे त्यांनी पहिल्याच दिवशी लागू केले. परक्याचं जनावर दावणीला असलं की आधी त्याला पाणी, मग आपल्याला. मायनं कपाळाला हात लावला. "आपल्याला प्यायला चूळभर नाय आन् कुत्रीला आधी?" अण्णा म्हणाले, "कुत्रीला नाय. बटईच्या जनावराला." मग रोज सकाळी बुद्धवंदना झाली की पहिला तांब्या शीबाच्या जर्मनच्या पातेल्यात पडायचा. लहानपणी गावच्या विहिरीवर, कुणीतरी वरून ओतील म्हणून ज्यानं घागर धरून ताटकळत उभं राहायचं, तोच माणूस पहिलं पाणी एका कुत्रीला देत होता आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नव्हता. उलट ताठ मानेनं द्यायचे ते. मला तेव्हा एवढं काही कळलं नाही, मी फक्त शीबा किती पटापट पिते ते बघायची.

दर शुक्रवारी कादरसाब स्कूटरवर यायचे, हँडलला छिछड्यांची पिशवी लटकलेली. म्हणजे खाटकाकडं उरलेले मांसाचे तुकडे. ते तुकडे अंगणात तीन दगडांच्या चुलीवर हळद घालून शिजवायचे आणि त्यात शिळी भाकरी कुस्करायची. सुरुवातीला माय नाकाला पदर लावायची. महिन्याभरात तीच त्यात आमटीच्या मसाल्यातलं चिमूटभर येसर टाकू लागली. "नुसतं कसं खाईल, चव नको का?" म्हणायची. शीबाला "शिबे" म्हणून हाक मारायची आणि तिच्याशी शेजारणीशी बोलावं तसं बोलायची. मी तर शाळेतून आले की दप्तर टाकून आधी तिच्याकडं. माझ्यासारखीच ती, एका जागी ठरायची नाही. फाटकापासून हौदापर्यंत आणि हौदापासून फाटकापर्यंत तिच्या फेऱ्या चालू असत, आणि मी पुस्तक हातात धरून तिच्यामागं फेऱ्या मारत पाढे-कविता पाठ करी. मला मैत्रिणी नव्हत्या असं नाही. पण त्यांच्यापैकी कुणी माझी वाट बघत फाटकाशी उभी राहत नव्हती.

कादरसाबनी मला एक काम नेमून दिलं होतं. शीबाच्या पोत्यावर अंथरायला त्यांनी जुन्या पांढऱ्या चादरीचा तुकडा दिला होता. "बेटा, रोज सुबू देखना. लाल दाग दिखा के उसीच दिन अण्णा को बोलना, अण्णा मेरेकु खबर देंगे." कुत्री माजावर आली की सुरुवातीला चादरीवर डाग पडतात, तिथून दिवस मोजायचे आणि ठरल्या दिवशी तिला नराकडं न्यायचं, एवढं मला त्यांनी न लाजता, डॉक्टरनं सांगावं तसं सांगितलं होतं. त्या काळी आमच्या वर्गात असल्या गोष्टी कुणी पोरींना सांगत नव्हतं. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं. पहिल्या वेळी मीच डाग बघितला आणि उड्या मारत अण्णांना सांगितलं, याची आठवण झाली की आजही स्वतःचा राग येतो.

त्या वेळी शीबा गेली ती पिल्लं विकून झाल्यावरच परत आली. आली तेव्हा ओळखू येईना. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, आचळं लोंबलेली, केस झडलेले. कादरसाबच्या स्कूटरमागून आलेल्या रिक्षातून उतरली आणि मला न बघता सरळ घरात शिरली. खाटेखाली, धान्याच्या कोठीमागं, मोरीत, हौदाच्या आडोशाला, सगळीकडं नाक लावत फिरली. मग अण्णांचा एक जुना पायमोजा तोंडात धरून आणला, पोत्यावर ठेवला, त्याला चाटलं आणि पुन्हा शोधायला निघाली. आठ दिवस हे चाललं. अण्णांची चप्पल, माझी कंपासपेटी, नारळाची शेंडी, जे हाताएवढं मिळेल ते पोत्यावर जमा करायची आणि शेजारी उभी राहून कण्हायची. मी वैतागून म्हटलं, "माय, ही असं का करायली?" माय ज्वारी निवडत होती. सूप खाली न ठेवता ती म्हणाली, "माझे बी दोन गेले तुझ्या आधी. मी लोकाच्या घरात हुडकत फिरले नाय, इतकंच." 

दुसऱ्या वेळी तेच, आणि जास्तच. तोवर दुष्काळ पुरता अंगावर आला होता. नऊ पिल्लं झाली होती, सगळी हातोहात गेली, कारण नव्या बंगल्यांना पाणी नसलं तरी राखणीला अल्सेशियन हवा होता. शीबा परत आली तेव्हा तिचे मागचे पाय थरथरत होते. मायनं तिला कण्या ताकात शिजवून, तळहातावर घेऊन भरवलं. कादरसाबनाही वाईट वाटत होतं, त्यात खोट नाही. त्यांच्याकडं ती सगळ्यात उजव्या रक्ताची मादी होती, तिच्या पणजीपासूनचे कागद त्यांनी जपून ठेवलेले. एका शुक्रवारी ओसरीवर बसून ते म्हणाले, "अगली बार गई तो वापस नई लाता, अण्णासाब. शहर में रखने जैसा नई रहा. खुलताबाद के रस्ते पे एक साब का फार्म है, बोर को पानी है. वहींच रहेगी, वहींच पिल्ले होंगे."

मी आतून सगळं ऐकलं. ते गेल्यावर मी अण्णांच्या अंगावर धावूनच गेले. "तुम्ही काहीच कसं म्हणला नाय? ती आपली हाय!"

"आपली नाय, मंगल. बटईचं जनावर मालकानं मागितलं की सोडायचं. दावं धरून बसायचं नाय."

"आन् ती मेली मंग तिकडं?"

"तिकडं पाणी हाय," अण्णा म्हणाले. त्यांच्यालेखी तिथं विषय संपला. दुष्काळात पाणी आहे म्हटल्यावर दुसरं काही बोलायचं उरत नव्हतंच. पण मला ते पाणी नको होतं, मला शीबा हवी होती. पंधरा वर्षांच्या पोरीला न्याय-अन्याय असा वेगळा दिसत नाही, जे हवं तेच न्यायाचं वाटतं. निदान मला तरी तसं वाटलं.

वाट मला कादरसाबनीच दाखवली, त्यांच्या नकळत. पूर्वी एकदा गप्पांच्या ओघात त्यांनी सांगितलं होतं, की कुण्या ओळखीच्याची जातिवंत मादी गावठी कुत्र्याला लागली आणि कायमची वाया गेली. "एक बार गावठी का खून उतर गया ना, फिर जिंदगीभर के पिल्ले खराब. बाद में कितना भी अच्छा नर लगाओ, वो पहला वाला निकलताच है." अण्णांनी मान हलवली होती. गावाकडं घोडीबद्दलही असंच म्हणतात, असं ते म्हणाले होते. दोन जाणती माणसं एकमतानं बोलली, म्हणजे ते खरंच असणार. मी ते मनात ठेवलं, आणि उन्हाळा लागता लागता एका सकाळी चादरीवर डाग दिसला.

मी कुणाला सांगितलं नाही. चादर गोळा करून मोरीत नेली आणि दोन तांब्ये पाणी घालून धुतली.  दुसऱ्या दिवशी पुन्हा धुतली, तिसऱ्या दिवशी पुन्हा. त्या आठवड्यात आमच्याकडं पाटीवरचं गणितसुद्धा थुंकीनं पुसलं जात होतं, आणि मी चादर धूत होते. मग फाटकाबाहेर कुत्री जमायला लागली. त्यांतला एक वाळूच्या ढिगावर राहणारा, पिवळट रंगाचा, एक पाय उचलून चालणारा. माय त्याला लंगड्या म्हणायची. अण्णांनी विचारलं, "मंगल, एवढी कुत्री का जमायलीत गं? शीबा माजावर आली काय?"

"नाय अण्णा. हौदाचा वास येतो ना त्यांना. तहानलेत."

अण्णांना ते लगेच पटलं. त्या दिवसांत पाण्यासाठी कुणी काहीही करील हे कुणालाही पटत होतं. "मंग ठेव की त्यास्नी बी थोडं," ते म्हणाले, आणि स्वतःच्या अंघोळीतलं अर्धं पाणी घमेल्यात ओतून त्यांनी फाटकाबाहेर नेऊन ठेवलं. मी बघत उभी राहिले. तेव्हाच बोलले असते तर फार काही बिघडलं नसतं, असं मी नंतर कितीतरी वेळा स्वतःला सांगितलं. पण तेव्हा मी मनात दिवस मोजत होते.

अण्णांची पहिली पाळी होती. दिवस उजाडायला ते सायकल काढायचे, बाहेर जायचे, फाटकाचे पत्रे ओढून घ्यायचे आणि वरून हात घालून आतली कडी लावायचे. ती कडी खण्ण करून बसायची, तो आवाज मला अंथरुणात ऐकू यायचा. त्या दिवशीही ऐकू आला. मी शंभर मोजले. मग अनवाणी बाहेर गेले, शीबा माझ्या पायात घोटाळत होती, आणि कडी वर उचलली. पत्र्याचं फाटक आपोआप हातभर सरकलं. मी परत येऊन अंथरुणात शिरले आणि गोधडी डोक्यावरून ओढली. काही वेळानं माय उठली, अंगणात गेली. ती ओरडेल, दगड मारील, मला हाक मारील म्हणून मी अंग आवळून पडले होते. तिनं काहीच केलं नाही. जे व्हायचं ते होऊन लंगड्या निघून गेल्यावर तिनं फाटक लावून घेतलं, शीबाला आत आणलं आणि चहाचं आधण ठेवलं.

दुपारी अण्णा आले. मायनं त्यांना जेवू दिलं आणि मग सांगितलं, "फाटक उघडं राह्यलं सकाळी. लंगड्या आत आल्ता." अण्णांचा हात ताटातच थांबला. त्यांनी मायकडं बघितलं, मग शीबाकडं, मग फाटकाकडं.

"मी कडी लावली नाय का?" ते स्वतःशीच म्हणाले.

माय माझ्याकडं बघत होती. मी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवत होते, तो भिजून तुटून खाली पडला तरी बुडवतच होते.

"राह्यली असंल," अण्णा म्हणाले. "माझ्याच्यानं राह्यली असंल."

दुसऱ्या दिवशी त्यांची सुट्टी होती. सकाळी त्यांनी धुतलेला सदरा घातला आणि शीबाची साखळी खुंटीवरून काढून हातात घेतली. शीबाला बांधायला नाही, नुसती साखळी. मायनं विचारलं, आणि मग आम्हाला कळलं की बटईचं जनावर आपल्या हातून मेलं, वाया गेलं, तर सांभाळणाऱ्यानं दावं घेऊन स्वतः मालकाच्या दारी जायचं असतं. आजोबा असे एकदा गेले होते, असल्याच दुष्काळात गाय गेली तेव्हा, लहानग्या अण्णांना बरोबर घेऊन. "मालकानं हातात घेतलं नाय दावं. भुईवर ठेव म्हणला. बाप वहाणा बाहेर काढून आत गेलता." अण्णा बूट घालत होते. "मी पायात घालूनच जाणार. पण दावं घेऊन जाणार." मला म्हणाले, "चल, तू बी चल. चादर तू बघायचीस, त्यांनी विचारलं तर सांगायला पायजे."

क्रांती चौकापर्यंत बसनं आणि तिथून छावणीपर्यंत चालत गेलो. अण्णा रस्ताभर साखळी उघड्या हातात धरून चालले होते, पिशवीत ठेवा म्हटलं तर ऐकेनात. लोक बघत होते. साखळी हलून बारीक आवाज यायचा, आणि दर आवाजाला मला वाटायचं, आता सांगावं, आता सांगावं. कादरसाबच्या वाड्यात अकरा पिंजरे होते, त्यांतले नऊ रिकामे. पाण्याच्या दगडी डोणीत वाळलेली पानं पडली होती. अण्णांनी अंगणातच थांबून दोन्ही हातांनी साखळी पुढं केली. "कादरसाब, तुमचं जनावर माझ्या हातनं बिघडलं. कडी माझ्याच्यानं राह्यली."

कादरसाबना आधी काही कळेना. कळल्यावर त्यांनी घाईनं साखळी अण्णांच्या हातातून घेतली, त्यांना दंडाला धरून खुर्चीवर बसवलं आणि आत जाऊन काचेच्या पेल्यात पाणी आणलं. आधी अण्णांना, मग मला. मी पेला तसाच हातात धरून बसले. त्यांनी रिकाम्या पिंजऱ्यांकडं एकदा बघितलं. मग मला विचारलं, "बेटा, वो कपडा बिछाती थी ना?"

"हो."

"कुछ दिखा नई?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. माझं खोटं त्यांनी उचलून धरलं, वर त्याला टेकूही दिला. "नई दिखा होगा. बारिश नई, पानी नई, जानवर का सब कायदा बिगड गया है. बच्ची का क्या कुसूर." मग उठून त्यांनी साखळी परत अण्णांच्या हातात ठेवली आणि त्यांची बोटं तिच्यावर मिटवली. "रख लो, अण्णासाब. अब मेरे काम की नई रही, खून बिगड गया. तुम्हारे घर में लाड से रहेगी." एवढं बोलून ते पाठ फिरवून उभे राहिले, आणि त्यांचे खांदे हलताना मला दिसले. शीबा माझी झाली होती. इतक्या दिवसांची तडफड, मनात मोजलेले दिवस, सगळं फळाला आलं होतं, आणि मला तिथून पळत सुटावंसं वाटत होतं.

शीबाला आमच्या घरी पाच पिल्लं झाली, पिवळट, पडक्या कानांची. मायनं तिला बाळंतिणीसारखा गुळाचा शिरा केला. त्या वेळी ती शोधत फिरली नाही, पायमोजा की कंपासपेटी, कशाकडं तिनं ढुंकून बघितलं नाही. पिल्लं अंगाशी घेऊन ती पहिल्यांदाच अशी निवांत पडलेली मी बघितली. मी शेजारी बसले होते. माय हौदापाशी कोळसा घेऊन उभी होती, तिथूनच म्हणाली, "मला अक्षर वाचता येत नाय, मंगे. रेघ येती." पुढं तिनं आयुष्यात हा विषय काढला नाही. तिनं मला वाचवलं की त्या कुत्रीला, हे मला अजून ठरवता येत नाही. कादरसाब एकदा येऊन गेले. एक पिल्लू उचलून त्याचा पंजा दाबून बघितला, "हड्डी अच्छी है," म्हणाले आणि छिछड्यांची पिशवी मायच्या हातात देऊन गेले. पुढच्या वर्षी पाऊस झाला, पण त्यांनी पिंजरे पुन्हा भरले नाहीत. जागा विकून ते लेकीकडं हैदराबादला गेल्याचं कळलं. तिथं आता मोठी इमारत आहे आणि तिच्या तळात मोटारी उभ्या असतात.

शीबा नऊ वर्षं जगली आमच्याकडं. ती गेल्यावर पुष्कळ वर्षांनी एका जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना मी सहज म्हणून ते खून बिघडण्याचं विचारलं. त्या मोकळेपणी हसल्या. "असं काही नसतं हो. एका खेपेच्या नराचा पुढच्या पिल्लांशी काय संबंध?" म्हणजे कादरसाबना ती परत नेता आली असती. त्यांच्या पणजीपासूनच्या कागदांचं काहीच बिघडलं नव्हतं. त्यांचा खोट्यावर विश्वास होता, आणि त्या विश्वासाचा मी फायदा घेतला. त्या दिवशी घरी येऊन मी कामं उरकत राहिले, कपाटं आवरली, एका जागी बसवेना.

पण खरी शिक्षा मला कादरसाबची नाही, अण्णांची झाली. त्या दिवसापासून अण्णांचा स्वतःच्या हातावरचा भरवसा गेला. कामावर निघाले की फाटकाची कडी लावायचे, चार पावलं जाऊन परत यायचे, हलवून बघायचे. सायकलवर टांग टाकून पुन्हा उतरायचे. कारखान्यात नट आवळून झाला तरी तीनतीनदा पाना लावून बघतात म्हणून लोक थट्टा करायचे. निवृत्त झाले, माय गेली, ते माझ्याकडं तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, तिथं ना फाटक ना अंगण, तरी तासातासाला उठून दार बघायचे. मी सांगणार होते. लग्नाआधी सांगणार होते, पहिलं पोर झाल्यावर सांगणार होते, माय गेली तेव्हा तर शब्द तोंडात आले होते. आज नको, उद्या, असं करता करता ते माणसं विसरायला लागले.

एका दुपारी ते खाटेवरून उठून विचारू लागले, "मंगल, कडी लावली का?" मी त्यांच्यापुढं खाली बसले, त्यांचे दोन्ही हात धरले आणि एका दमात सांगून टाकलं. "अण्णा, त्या दिवशी तुम्ही कडी लावली होती. मी आवाज ऐकला होता. तुम्ही गेल्यावर मी उठून काढली. शीबासाठी. तुमच्याकडून काही राहिलं नव्हतं अण्णा, कधीच राहिलं नव्हतं." मी रडत होते. ते माझ्याकडं टक लावून बघत राहिले, कपाळाला आठ्या घालून, काहीतरी जुळवत असल्यासारखे.

"शीबाला पाणी दिलं का आधी?" त्यांनी विचारलं.

"दिलं, अण्णा."

त्यांनी समाधानानं मान हलवली. मग माझ्या हातांतून हात सोडवून घेतले, भिंतीला धरत धरत दारापर्यंत गेले आणि कडी हलवून बघून आले.